जुन्या पिकअपचे ब्रेक वाढवायचेत, मागे डिस्क बसवता येईल का? माळशेज उतरताना पुढून वास येतो

ओतूरचा_मळेकरी
नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची डिझेल पिकअप, लांब हौद्याची, सेकंडहँड घेतलेली. पुढे डिस्क मागे ड्रम, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) आहे, एबीएस वगैरे काही नाही. सीझनला टोमॅटो, बाकी टायमाला कोबी फ्लॉवर कांदा, ओतूर-नारायणगाव भागातनं भरायचा आणि माळशेजनं उतरून मुरबाड कल्याण, कधी पुढं वाशी. रिकामी असताना ब्रेक एकदम झकास लागतो, तक्रारच नाही. पण भरलेली घेऊन घाट उतरलो की अर्ध्यातच पुढच्या चाकातनं जळका वास यायला लागतो आणि खाली मोरोशीला येईपर्यंत पेडल दाबलं तरी गाडी लवकर थांबत नाही, पाय जाम जोरात द्यावा लागतो. पुढचे पॅड दोनदा बदलले, कंपनीचेच टाकले, डिस्क पण नवीन टाकली, तरी तेच.

आता विचार असाय की एकदाच खर्च करून ब्रेकच मोठे करावेत. एकानं सांगितलं की मागे डिस्क करून घे, ॲक्सिडेंटच्या गाडीतलं मिळतं. दुसरा म्हणतो मोठा बूस्टर टाक. तिसरा म्हणतो मागच्या एक्सलवर एक व्हॉल्व्ह असतो तो काढून डायरेक्ट पाईप जोड, मागचा ब्रेक फुल लागतो. नक्की काय करावं? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा, खर्च किती येतो ते पण सांगा. गणपतीच्या आत काम उरकायचंय.

बिनधास्त_ट्रान्सपोर्ट
मागे डिस्क करून टाका भाऊ, विषयच संपला. आमच्या इकडं एकानं केलीये, मोठ्या एसयूव्हीचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) लावलेत, एका जागी उभी राहते गाडी. ड्रम म्हणजे जुना जमाना. व्हॉल्व्ह पण काढून टाका, तो कंपनीनं उगाच दिलेला असतो.

मिस्त्री_आळेफाटा
थांबा थांबा. खर्च सांगायच्या आधी मला चार गोष्टी सांगा, त्याशिवाय कुणी काही सांगत असेल तर तो अंदाजपंचे सांगतोय.

एक म्हणजे घाट उतरून थांबल्यावर पेडल कसं लागतं, कडक लागतं पण गाडी थांबत नाही का पेडल स्पंजसारखं मऊ होऊन खाली जातं? दोन, पुढची रिम तापते हे कळलं, पण मागची किती तापते? हात लावू नका, भाजेल, बाजारात गन सारखं टेंपरेचरचं यंत्र मिळतं स्वस्तात, ते घ्या नाहीतर लांबनं हात धरून अंदाज घ्या. तीन, मागचे पाटे (चासीखालच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) मूळचेच आहेत का वाढवलेत? आणि चार, क्रेट किती भरता, खरं सांगा, इथं आरटीओ नाहीये.

ओतूरचा_मळेकरी
मिस्त्री, पेडल कडकच असतं, खाली जात नाही, फक्त लागत नाही. थंड झाल्यावर परत नॉर्मल. मागच्या रिमचं तुम्ही विचारल्यावर आज मुद्दाम बघितलं, पुढच्याजवळ हात नेता येत नव्हता आणि मागची नुसती कोमट. मला वाटलं चांगलंच आहे की, मागचा ब्रेक गरम होत नाही म्हणजे त्याला त्रास नाही. पाटे वाढवलेले आहेत, पहिल्या मालकानेच दोन्ही बाजूला वाढवून घेतलेत, गाडी भरली तरी मागनं बसत नाही, त्यासाठीच तर घेतली होती. क्रेट कधी शंभर कधी थोडे जास्त.

मिस्त्री_आळेफाटा
झालं, तुमचं उत्तर तुम्हीच दिलंत. मागची रिम कोमट म्हणजे मागचा ब्रेक कामच करत नाहीये दादा. ब्रेकचं काम म्हणजेच गाडीचा जोर गरमीत बदलणं. जो ब्रेक तापत नाही तो ब्रेक लागत नाही. भरलेल्या गाडीत निम्म्याहून जास्त वजन मागच्या एक्सलवर आणि थांबवायचं सगळं काम पुढच्या दोन डिस्क करतायत. मग पॅड कंपनीचे टाका नाहीतर सोन्याचे टाका, ते जळणारच.

आता का लागत नाही ते ऐका, जरा लांबडं आहे.

तो जो मागच्या एक्सलवरचा व्हॉल्व्ह, त्याला एलएसपीव्ही म्हणतात, आमच्याकडे सरळ लोडचा व्हॉल्व्ह म्हणतात. व्हॉल्व्ह असतो चासीला आणि त्याची दांडी किंवा स्प्रिंग असते एक्सलला जोडलेली. हौद्यात वजन पडलं की पाटे दबतात, चासी खाली येते, दांडी वर उचलली जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना ऑईलचं प्रेशर जास्त सोडतो. गाडी रिकामी असली की चासी उंच, दांडी खाली, मागचं प्रेशर कमी, कारण रिकाम्या पिकअपला मागं वजनच नसतं, फुल प्रेशर दिलं तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. एवढी साधी आयडिया आहे, त्यात कॉम्प्युटर नाही का सेन्सर नाही.

आता तुमच्या पहिल्या मालकाने पाटे वाढवले. दोन टन टाकला तरी चासी खाली येत नाही. व्हॉल्व्हला काय कळणार हौद्यात टोमॅटो आहेत का हवा आहे? त्याला वाटतं गाडी रिकामी. तो मागचं प्रेशर तोडून ठेवतो. तुम्ही जोरात दाबता, ते सगळं पुढं जातं. म्हणून रिकामी असताना झकास आणि भरल्यावर बोंब. माझ्याकडे येणाऱ्या पिकअपमध्ये पाटे वाढवलेल्या गाडीचा व्हॉल्व्ह परत सेट केलेला क्वचितच सापडतो. पाटेवाला पाटे घालून मोकळा होतो, ब्रेकवाल्याला पाट्याचं कुणी सांगत नाही.

व्हॉल्व्ह काढून डायरेक्ट पाईप जोडायचा सल्ला ज्यांनी दिला त्यांना माझा नमस्कार सांगा. वाशीहून रात्री रिकामे परत येता ना? जुलैच्या पावसात, माळशेजच्या धुक्यात, वळणावर समोर एसटी आली आणि ब्रेक मारला की मागची दोन्ही चाकं लॉक आणि गाडीचं तोंड दरीकडे. नका करू.

बिनधास्त_ट्रान्सपोर्ट
आमच्या इकडे तर सगळेच काढतात, काय होत नाही.

मिस्त्री_आळेफाटा
ज्यांना झालं ते इथं लिहायला येत नाहीत ना भाऊ.

ड्रॉइंगबोर्ड_पिंपरी
मी ब्रेकच्या पार्टच्याच लायनीत आहे (कंपनी विचारू नका). मिस्त्रींनी मुद्द्याचं सांगितलंय, मी फक्त मागे डिस्कची भानगड आणि गरमीचा हिशोब सांगतो.

आधी डिस्क. ड्रममध्ये एक गंमत असते, चाकाच्या फिरण्याच्या दिशेने जो शू (लायनर, म्हणजे घर्षणाचं अस्तर लावलेला लोखंडी चाप) असतो तो ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप जास्त घट्ट बसतो. म्हणजे कमी प्रेशरमध्ये जास्त पकड. डिस्कमध्ये हा फायदा नाही, तिथे जेवढं दाबाल तेवढंच. म्हणून डिस्कला लाईनमध्ये प्रेशर पण जास्त लागतं आणि कॅलिपरचा पिस्टन मोठा असल्याने ऑईल पण जास्त लागतं. तुमचा मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ऑईल ढकलणारा) मागे ड्रम आहे असं धरून बनवलाय, त्यावर नुसते कॅलिपर जोडले तर एकतर पेडल खोल जाईल नाहीतर मागचा ब्रेक आधीपेक्षा कमी लागेल. मग मास्टर बदला, मग बूस्टर पुरत नाही, मग एलएसपीव्हीचं कॅलिब्रेशन निराळं. आणि हँडब्रेक? ड्रमला तो फुकटात मिळतो, डिस्क केल्यावर हँडब्रेकसाठी वेगळी सोय पाहिजे, एसयूव्हीचा कॅलिपर लावणारे नव्वद टक्के लोक ही गोष्ट सोडून देतात आणि मग चढावर चाकाखाली दगड लावत फिरतात. "एका जागी उभी राहते" हे रिकाम्या गाडीचं वर्णन असतं, भरलेली घाटात कशी राहते ते सांगा.

बरं मागे डिस्क लावली तरी तुमचा व्हॉल्व्ह प्रेशर देतच नाहीये, मग ती डिस्क सुद्धा कोमटच राहणार.

आता हिशोब. गाडी मालासकट ३ टन धरा आणि ३०० मीटर उंची उतरली धरा. वजन गुणिले ९.८१ गुणिले उंची, जवळपास ८८ लाख ज्यूल. हे आकडे डोक्यावरून जातात म्हणून असं बघा, साधं ३० लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढी. हीच गाडी ४.५ टन भरली तर ४५ लिटर. ही सगळी उष्णता कुठेतरी जायला पाहिजे, थोडी हवेच्या अडथळ्यात जाते, थोडी टायरमध्ये, इंजिन ब्रेकिंग घेतलं तर बरीच इंजिनातून सायलेन्सरने बाहेर, आणि उरलेली लोखंडाच्या डिस्क आणि ड्रममध्ये. तुमच्याकडे चारपैकी दोनच चाकं काम करतायत म्हणजे त्या दोन डिस्कवर दुप्पट. लायनिंग एका ठरावीक टेंपरेचरच्या वर गेलं की त्याचं घर्षण पडतं, पेडल कडक राहतं पण गाडी थांबत नाही, यालाच फेड म्हणतात आणि तुम्ही नेमकं तेच लिहिलंय.

याच्या उलट पेडल मऊ होऊन खाली गेलं असतं तर ऑईल उकळलंय असं समजायचं. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ३ प्रतीचं ऑईल नवीन असताना किमान २०५ डिग्रीला उकळतं, पाणी पिलं की १४० वर येतं. डॉट ४ नवीन २३०, ओलं झालं की १५५. म्हणजे जुनं डॉट ४ हे नव्या डॉट ३ पेक्षा वाईट. आपल्याकडं कोकणपट्टीत पावसाळाभर फिरणाऱ्या गाडीला ऑईल दोन वर्षांत बदलायलाच पाहिजे, इथं लोक गाडी विकेपर्यंत बदलत नाहीत. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. डॉट ५ मात्र घेऊ नका, ते सिलिकॉनचं, यात मिसळत नाही. ५.१ वेगळं, ते चालतं पण तुम्हाला गरज नाही. आणि स्टिअरिंग ऑईल किंवा इंजिन ऑईल चुकून सुद्धा ब्रेकच्या डबीत टाकू नका, सगळे रबर फुगून बसतील, मास्टरपासून चाकापर्यंत सगळंच भंगारात.

ओतूरचा_मळेकरी
सर ३० लिटर पाण्याचं लय भारी सांगितलं. मग मोठा बूस्टर टाकून काय होईल?

ड्रॉइंगबोर्ड_पिंपरी
पायाला कमी जोर लागेल, बाकी काही नाही. बूस्टर गरमी पचवत नाही. उलट सोपं जातंय म्हणून जास्त दाबाल आणि पुढचे पॅड अजून लवकर जातील. मात्र आत्ताचा बूस्टर नीट आहे का ते बघा. इंजिन बंद ठेवून पेडल सात-आठ वेळा पंप करा, कडक झालं की पाय दाबूनच ठेवा आणि स्टार्टर मारा. पेडल जरासं खाली सरकलं की बूस्टर ठीक. नाही सरकलं तर पाईप, व्हॅक्यूम पंप नाहीतर बूस्टरचा पडदा. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम आपोआप तयार होत नाही, त्यासाठी वेगळा पंप असतो, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो. बेल्ट ढिला असेल तरी ब्रेक कडक लागतो, आणि लोक बूस्टर बदलून बसतात.

कसारा_रिटर्न
मी नाशिक लाईनचा ड्रायव्हर, आता स्वतःची गाडी. मिस्त्री आणि साहेब बोलले ते बरोबर असेल पण मला एकच विचारायचंय ओतूरवाल्या भाऊंना, घाट कुठल्या गियरवर उतरता? कारण पिकअपवाले चौथ्यावर नाहीतर सरळ न्यूट्रल मारून उतरताना मी रोज बघतो, डिझेल वाचवायला. अरे गियरमध्ये असताना पाय ॲक्सिलेटरवरून काढला की पंप डिझेल बंद करतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन आयडलवर चालू राहायला डिझेल खातं. वाचत काहीच नाही, वर ब्रेक जळतात. आणि इंजिन बंद करून उतरणारे महाभाग पण आहेत, त्यांचा बूस्टर दोन-तीन वेळा दाबेपर्यंतच साथ देतो, पॉवर स्टिअरिंग पण गेलं.

जुने ड्रायव्हर सांगायचे ज्या गियरनं चढली त्याच गियरनं उतरव. भरलेल्या गाडीला माळशेजमध्ये दुसरा, फार तर तिसरा. आणि घाट सुरू व्हायच्या आधी गियर पाडायचा, मध्ये स्पीड आल्यावर पाडायला गेलं तर पडत नाही आणि गाडी मोकळी सुटते. ब्रेकवर पाय ठेवून ठेवून उतरायचं नाही. स्पीड वाढला की एकदा चांगला जोरात दाबायचा, दहा-एक किलोमीटरनं कमी झाला की पूर्ण सोडायचा, ब्रेकला श्वास घेऊ द्यायचा, परत वाढला की परत. थोडा थोडा धरून ठेवलेल्या ब्रेकला गार व्हायला वेळच मिळत नाही.

आमच्याकडं आता समृद्धीचा इगतपुरी ते आमणे तुकडा जून २०२५ ला सुरू झाला तेव्हापासून बोगद्यातनं जाता येतं, कसारा घाट टळतो, टोल बसतो पण ब्रेक वाचतात. माळशेजवाल्यांना ती सोय नाही.

ओतूरचा_मळेकरी
खोटं कशाला बोलू, तिसरा चौथा असा असतो. न्यूट्रल नाही मारत. 

डेनवरचा_पुणेकर
मी कोलोराडोत असतो, इथे जुने हेवी ड्युटी पिकअप हा लोकांचा धर्मच आहे म्हणून थोडं सांगतो, कारण यूट्यूबवर इथले व्हिडिओ बघून बरेच जण तिकडे तसंच करायला जातात आणि तिथे गोची होते.

इथले ब्रेक अपग्रेड कशामुळे जमतात तर एकाच कंपनीची एकाच घराण्यातली नंतरची किंवा जास्त टनाची गाडी भंगार यार्डात मिळते आणि तिचे पार्ट बोल्टला बोल्ट बसतात. उदाहरण देतो. नव्वदच्या दशकातल्या डॉज राम २५०० ला मागे ड्रम होते. त्यात लोक मागचा व्हील सिलेंडर बदलून जीएमच्या एक टनी ट्रकचा मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) टाकतात, थोड्याशा डॉलरचं काम, ड्रम शू सगळं तेच. बोअर वाढला की क्षेत्रफळ वर्गाच्या हिशोबात वाढतं, समजा २२ मिमीच्या जागी २५ टाकला तर तेवढ्याच प्रेशरमध्ये शूवरचा जोर २९ टक्के जास्त. अर्थात पेडल तेवढं खोल जातं आणि रिकाम्या गाडीची मागची चाकं लवकर लॉक होतात, हे व्हिडिओत शेवटी हळूच सांगतात.

दुसरं म्हणजे हायड्रोबूस्ट, यात व्हॅक्यूमच्या ऐवजी पॉवर स्टिअरिंग पंपाच्या प्रेशरवर ब्रेकला मदत मिळते. इथल्या मोठ्या डिझेल पिकअपना फॅक्टरीतूनच येतो, म्हणून जुन्यात बसवायला सगळा सेट मिळतो. आपल्या पिकअपचा स्टिअरिंग पंप त्यासाठी बनलेला नाही, त्या नादाला लागू नका.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. इथे माणूस चार-पाच टनाचा ट्रेलर ओढतो तेव्हा ते सगळं वजन ट्रकच्या ब्रेकवर नसतंच. बऱ्याच राज्यांत ३००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, डॅशबोर्डवर त्याचा कंट्रोलर असतो. आणि डिझेलना एक्झॉस्ट ब्रेक (सायलेन्सरची वाट आवळून इंजिनानंच गाडी रोखणारा). रामच्या ६.७ लिटर कमिन्समध्ये तो २००७ पासून टर्बोमध्येच येतो. आयझेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांच्या वर आहे, तिथून पश्चिमेला ६-७ टक्क्यांचा उतार, बाजूला ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी वाळूखडीचे रॅम्प बांधलेले. तिथे सुद्धा माहीतगार माणूस एक्झॉस्ट ब्रेक लावून खालच्या गियरमध्ये उतरतो, पेडलला क्वचित हात, म्हणजे पाय लावतो :)

ओतूरचा_मळेकरी
एक्झॉस्ट ब्रेक आपल्या पिकअपला बसतो का मग? हे तर लय भारी आहे.

डेनवरचा_पुणेकर
बसवणारे बसवतील पण तो फ्लॅप बंद झाल्यावर एक्झॉस्टमध्ये उलटं प्रेशर तयार होतं, त्याने इंजिनाचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या विरुद्ध उघडायला बघतात. जुन्या कमिन्सला सुद्धा जास्त ताकदीचा एक्झॉस्ट ब्रेक लावायचा तर व्हॉल्व्ह स्प्रिंग कडक टाकाव्या लागतात. तुमच्या अडीच लिटरच्या जुन्या इंजिनाला कुणी त्या स्प्रिंग बनवून देणार नाही. दुसरा गियर फुकट आहे.

पासिंगवाले_काका
मी आरटीओच्या कामात असतो, त्यामुळे माझा विषय तेवढाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा गाडीत बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ ला हे अजून स्पष्ट केलंय. मागे डिस्क बाहेरून दिसते. तुमची गाडी आठ वर्षांच्या वरची म्हणजे फिटनेस दरवर्षी. ऑटोमॅटिक सेंटरला गाडी रोलरवर चढवतात, प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजला जातो, डाव्या-उजव्यात ठरावीकपेक्षा जास्त फरक असला तरी नापास. पूर्वीसारखं इन्स्पेक्टरनं बसून दहा फूट पळवून ब्रेक मारला असं राहिलेलं नाही.

देव न करो पण काही झालं तर इन्शुरन्सवाला सर्व्हेअर पाठवतो आणि बदललेला ब्रेक त्याला आयता मुद्दा मिळतो. आणि ओव्हरलोडचं म्हणाल तर कलम १९४, २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. शंभर क्रेट २० किलोनं धरले तरी २ टन झाला, रिकाम्या क्रेटचं वजन वेगळंच. आरसी बुकावर लोडेड वजन आणि रिकामं वजन दोन्ही लिहिलेलं असतं, वजाबाकी करा.

मिस्त्री_आळेफाटा
काकांचं बरोबर आहे पण भाव पडला की शेतकरी एका खेपेचं भाडं वाचवायला बघतोच, त्यात नुसता त्याचा दोष नाही. असो. मी काम सांगतो, हेच अपग्रेड समजा.

मागचे चारही ड्रम... म्हणजे दोन्ही बाजूचे ड्रम उतरवा. पहिलं बघायचं लायनर ओलं आहे का. ओलं असेल तर वास घ्या, क्राऊनचं (मागच्या एक्सलमधल्या गियरचं) ऑईल असेल तर हाफ शाफ्टचं (एक्सलमधनं चाक फिरवणाऱ्या दांडीचं) सील गेलंय, ब्रेक ऑईल असेल तर व्हील सिलेंडर. सील बदलताना एक्सलवरचा ब्रीदर साफ करा, छोटी टोपी असते, चिखलानं बंद झालेली असते, मग आत प्रेशर होऊन नवीन सील पण महिन्यात गळतं. हे कुणी बघत नाही आणि सीलला शिव्या घालतात. ऑईल पिलेलं लायनर धुवून वापरायचं नाही, पेट्रोलनं नाही, जाळून नाही, फेकून द्यायचं.

ड्रमवर आत-बाहेर कुठेतरी जास्तीत जास्त मापाचा आकडा ओतलेला असतो, लेथवर टर्निंग करून त्याच्या वर गेला असेल तर नवीन घ्या. ड्रम मोठा झाला आणि शू मूळ गोलाईचा राहिला की लायनर मधल्या पट्ट्यावरच टेकतं, दिसायला नवीन ब्रेक पण पकड निम्मी. आणि डावा-उजवा ड्रम एकाच मापाचा ठेवा नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. शू बसवताना पुढचा-मागचा अदलाबदल करू नका, ज्या गाडीत दोन्ही लायनर वेगळ्या लांबीचे आहेत तिथे फार फरक पडतो. आतली धूळ हवा मारून उडवू नका, छातीत जाते, ओल्या फडक्यानं पुसा.

व्हील सिलेंडर किट टाकत बसू नका, बारा-तेरा वर्षांत आत गंज धरलेला असतो, नवीनच घ्या, मापाचे. पुण्यातल्या साहेबांनी सांगितलं तसं डॉट ४ टाका, पूर्ण जुनं काढून.

आता एअर (ब्रेकच्या पाईपमध्ये शिरलेली हवा) काढताना एक गंमत. जॅक चासीला लावून गाडी उचलली तर एक्सल खाली लटकतं, व्हॉल्व्हला वाटतं गाडी एकदम रिकामी, तो मागची लाईन आवळून धरतो आणि मागची एअर नीट निघतच नाही. म्हणून गाडी स्वतःच्या चाकावर उभी ठेवून नाहीतर व्हॉल्व्हची दांडी लोडच्या पोझिशनला धरून एअर काढायची. कित्येक गॅरेजमध्ये पेडल मऊ राहतं त्याचं कारण हेच.

शेवटी व्हॉल्व्ह. आधी तो जाम नाही ना बघा, दांडी हातानं हलली पाहिजे. मग एक तर वाढवलेले पाटे काढा, मूळ संख्येवर या. ते मान्य नसेल तर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये प्रेशर गेज लावून, गाडी भरून, पुढचं-मागचं प्रेशर बघून दांडी सेट करायला लागेल, आणि ते सुद्धा सगळे करून देत नाहीत कारण वाढीव पाट्यांसाठी कंपनीचं माप नसतंच. माझं मत पाटे काढा. गाडी बसते तेव्हाच गाडीला कळतं की भरलीये.

खर्च विचारला होतात. ड्रम नवे लागले नाहीत तर लायनर, सिलेंडर, सील, ऑईल, मजुरी धरून डिस्कच्या जुगाडाच्या पाव पैशात पण काम होतं. नक्की आकडा गाडी बघितल्याशिवाय कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

कसारा_रिटर्न
टायरचं पण सांगा की मिस्त्री. मागे रिमोल्ड (जुन्या टायरवर नवीन रबर चढवलेले) असतील तर ब्रेक कितीही चांगला करा, शेवटी थांबवणार टायरच. आणि तापलेल्या ब्रेकवर नळीनं गार पाणी मारणारे बघितलेत मी मोरोशीच्या ढाब्यावर. डिस्क वाकडी होते, मग पेडल थरथरतं.

ओतूरचा_मळेकरी
मंडळी, गाडी खोलली. बाहेरगावी होतो म्हणून उशीर झाला. उजव्या मागच्या चाकात लायनर तेलानं भिजलेलं, हाफ शाफ्टचं सील गेलेलं, ब्रीदर खरंच चिखलानं बुजलेला होता. डावीकडं लायनर एकदम जाड, वापरलेलंच नाही असं, वर काचेसारखी चकाकी. आणि खरी मजा म्हणजे व्हॉल्व्हची दांडी जुन्या कुणीतरी तारेनं चासीला बांधून ठेवलेली, एक्सलची बाजू मोकळीच. म्हणजे पाटे वाढवले नसते तरी त्याला काही कळलं नसतं.

ड्रम मापात होते. सिलेंडर लायनर सील ऑईल सगळं नवीन केलं, दांडीचा लिंक नवीन घेतला, पाटे दोन्हीकडचे एक-एक काढलेत, अजून एक-एक जास्तच आहे. काल ८० क्रेट घेऊन दुसऱ्या गियरवर उतरलो. मोरोशीला मागची रिम पण चांगली गरम, पुढची आधीपेक्षा बरीच कमी, वास नाही. मागचे बाकीचे पाटे काढावेत का राहू द्यावेत? ते काढले तर गाडी बसते आणि वळणावर डोलते, त्याची भीती वाटते.

मिस्त्री_आळेफाटा
तारेनं बांधलेली दांडी म्हणजे कहर आहे, पण नवल नाही वाटलं.

उरलेले पण काढा. डोलते ती माल उंच रचल्यामुळे, क्रेटचा एक थर कमी करा. शॉक ॲब्सॉर्बर तपासा, या वयाच्या गाडीत गेलेलेच असतात, आणि पाट्यांचे बुश. ते केलं की डोलणं निम्मं होईल. पाटे काढल्यावर व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापाला परत सेट करून घ्या, गाडी रिकामी, सपाट जमिनीवर उभी करून. आणि नवीन लायनर आहे, पहिले आठ-दहा दिवस ड्रमला बसेपर्यंत हलका लोडच घ्या, नंतर एकदा ॲडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा) बघायला घेऊन या, पेडल थोडं खाली आलेलं असेल.

ओतूरचा_मळेकरी
बुधवारी बाजार बंद असतो तेव्हा आणतो. शॉकचे पण आणू का बरोबर, का तुमच्याकडे मिळतील?

मिस्त्री_आळेफाटा
आणू नका, आधी बघू. सकाळी नऊच्या आत या, नंतर लाईन लागते.